शेवटचे वीस फूट

विमानविद्येचा इतिहास म्हणून जे ग्रंथ लिहिले जातात ते बहुधा उड्डाणाचेच इतिहास असतात. कोण किती उंच गेला, किती दूर गेला, किती तासांत गेला, हें सारें त्यांत तपशीलवार येतें. परंतु वर गेलेलें यंत्र पुन्हा भुईवर कसें आलें, हा मजकूर एखाद्या ओळींत उरकलेला असतो. आमच्या मतें ही कांहीं लहानसहान उणीव नव्हे. विमान वर चढविण्याच्या कामीं इंजिनाचा वांटा मोठा असतो. तें खालीं आणण्याचें काम मात्र बव्हंशीं माणसाच्या हातांचें, डोळ्यांचें आणि ज्या जमिनीवर तें उतरावयाचें त्या जमिनीचें असतें. हत्ती गेला नि शेपूट राहिलें, ही आपली म्हण वैमानिकांइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच लागू पडत असेल. हजारों मैलांचा समुद्र व वाळवंट ओलांडून आलेलीं विमानें गांवाबाहेरच्या एखाद्या कुरणांत, चाकाला आडव्या आलेल्या हातभर चरांत निकामी झालेलीं आहेत.

ही गोष्ट विमानाच्या जन्मदिवसापासूनची आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंनीं चार उड्डाणें केलीं. चौथें आणि सर्वांत लांबचें उड्डाण विल्बरचें होतें. ५९ सेकंदांत ८५२ फूट. हे दोन आंकडे शाळेंतल्या मुलांसही पाठ असतात. पण त्या ५९ सेकंदांचा शेवट यंत्र वाळूवर आदळून, पुढच्या बाजूचें उंचीचें सुकाणू ज्या चौकटीवर बसविलें होतें ती मोडून झाला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. थोड्या वेळानें तें उभें असतां वाऱ्याच्या झोतानें उलथलें आणि पुन्हा कधींही उडालें नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं माणूस यंत्राच्या बळावर उडाला, त्याच दिवशीं उतरण्याचा पहिला अपघातही झाला. पुढें २५ जुलै १९०९ रोजीं ब्लेरिओ या फ्रेंच गृहस्थानें इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हां डोव्हरच्या किल्ल्याजवळच्या उतरत्या कुरणांत वाऱ्याच्या धक्क्यांनीं त्याचें विमान असें आपटलें कीं, खालची चाकांची चौकट आणि प्रॉपेलर दोन्ही मोडलीं. १५ जून १९१९ रोजीं अल्कॉक व ब्राउन हे न थांबतां अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर आले आणि वरून हिरवेंगार दिसणारें सपाट रान पाहून उतरले. तें रान नव्हतें, दलदल होती. विमानाचें नाक चिखलांत रुतलें आणि शेपूट आकाशाकडे झालें. दोघेही सुखरूप बाहेर आले व जगानें त्यांस डोक्यावर घेतलें. परंतु उंचावरून जमीन ओळखतां येणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, हा त्यांतला धडा जयघोषांत बुडून गेला.

उतरण्यांत इतकें अवघड काय आहे, हें जे विमानांत केवळ उतारू म्हणून बसतात त्यांस सहसा कळत नाहीं, म्हणून थोडें विवेचन करणें भाग आहे. विमान हवेंत राहतें तें पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या आधारानें. वेग एका मर्यादेच्या खालीं गेला व तो सांवरण्यासाठीं नाक प्रमाणाबाहेर वर उचललें, कीं तो प्रवाह पंखांपासून सुटतो आणि पंख एकाएकीं भार टाकून देतात. वैमानिक यास स्टॉल म्हणतात. मोटारीचें इंजिन बंद पडलें तरी आपण हाच शब्द वापरतों, परंतु येथें इंजिनाचा कांहींएक संबंध नाहीं; इंजिन धडधडत असतांही विमान असें पडूं शकतें. दोन हजार फुटांवर हें घडलें तर नाक खालीं करून वेग परत मिळवितां येतो. वीस फुटांवर तेवढी उंचीच शिल्लक नसते. आणि विलक्षण गोष्ट ही कीं, जुन्या पद्धतीचें चांगलें उतरणें म्हणजे याच अवस्थेला जाणूनबुजून, पण अगदी भुईलगत, जाऊन भिडणें होय. विमान गवतावर हात-दोन हात उंचीवर आलें, कीं वैमानिक दांडा हळूहळू मागें ओढीत जातो; नाक वर येतें, वेग ओसरतो, आणि पंखांनीं भार सोडावयाच्या नेमक्या क्षणीं पुढचीं दोन चाकें व शेपटीखालचा टेकू हीं तिन्ही एकदम जमिनीला लागावीं, अशी अपेक्षा असते. हा क्षण चार हात उंचीवर आला तर विमान दगडासारखें खालीं येऊन चाकांची चौकट मोडतें. तो यावयाच्या आंत, वेग शिल्लक असतांना, चाकें आपटलीं तर तें चेंडूसारखें उसळतें, आणि दुसऱ्या उसळींत काय होईल याचा नेम राहत नाहीं. शिवाय नाक वर येतांच समोरचें सारें दृश्य इंजिनाआड जातें, त्यामुळें सर्वांत नाजूक वेळीं वैमानिकास केवळ बाजूच्या गवतावरून अदमास बांधावा लागतो. नवशिक्याची स्थिति अभिमन्यूसारखी असते. चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या त्यास पहिल्या दोन-चार दिवसांतच येते. बाहेर पडण्याची यावयास पुढचे कित्येक दिवस घालवावे लागतात.

त्यांतच वारा. विमान हवेच्या हिशेबानें चालतें आणि चाकें जमिनीच्या हिशेबानें. ताशीं ४५ मैल वेगानें उतरणारें विमान ताशीं १० मैलांच्या वाऱ्याला तोंड देऊन उतरलें तर जमिनीला ३५ मैलांच्या वेगानें लागेल; तोच वारा पाठीशीं घेतला तर ५५ मैलांनीं लागेल. दिसावयास हा फरक २० मैलांचा. पण आदळण्याचा व थांबविण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो जवळजवळ अडीचपट होतो. आखूड मैदानावर कुंपण पार करून जाणारीं किती तरी विमानें या एवढ्या गणितानेंच गेलेलीं आहेत. म्हणून तर विमानतळावर ती वाऱ्याची कापडी पिशवी टांगलेली असते. जेथें ती नसे तेथें चुलीचा धूर, वाळत घातलेलें धुणें, तळ्यावरच्या लाटा, यांवरून वैमानिक वारा ओळखीत.

ज्या यंत्रानें हें सारें संकट सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणलें तें म्हणजे मॉथ विमान. जेफ्री डी हॅव्हिलँड या इंग्रज रचनाकारास पतंग व फुलपांखरें गोळा करण्याचा छंद होता, त्यावरून त्यानें १९२५ सालीं उडविलेल्या आपल्या लहान दुपंखी विमानास पतंगाचें नांव दिलें. लांकडी सांगाडा, त्यावर ताणून लावलेलें व लुकण चढवून घट्ट केलेलें कापड, घडी घालतां येणारे पंख, मागेंपुढें दोन उघड्या बैठका. ब्रेक नाहींत, शेपटीखालचा टेकू गवतांत घासत जाई तोच काय तो अडसर. आज आपण ज्यास धांवपट्टी म्हणतों तिची या विमानास गरज नव्हती, किंबहुना ती सोईचीही नव्हती. त्या काळचा विमानतळ म्हणजे चौफेर मोकळें कुरण. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरावें. इंग्लंडांत असलीं कुरणें गांवोगांव होतीं. परंतु १९२८ च्या सुमारास हींच चिमुकलीं विमानें घेऊन माणसें कैरोला, केपटाउनला, ऑस्ट्रेलियाला निघूं लागलीं, आणि तेथें कुरणें नव्हतीं. कवाईतीचीं मैदानें होतीं, घोड्यांच्या शर्यतीचीं मैदानें होतीं, उंसाचे मळे होते.

या काळाचें सर्वांत बोलकें उदाहरण एमी जॉन्सनचें आहे. हल बंदरांतील एका मासळीच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, जन्म १९०३. शेफील्ड विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत टंकलेखन करीत असे. स्टॅग लेनच्या क्लबांत ती उडावयास शिकली आणि यंत्र दुरुस्त करण्याचा परवानाही तिनें मिळविला. पुढें तिनें जें केलें त्यांत हा दुसरा परवाना पहिल्याहून कमी उपयोगी पडला नाहीं. वडील व तेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्या साह्यानें तिनें सुमारें ६०० पौंडांस एक वापरलेलें जिप्सी मॉथ घेतलें. घरच्या व्यापारी छापावरून त्याचें नांव जेसन ठेवलें. आणि ५ मे १९३० रोजीं ती क्रॉयडनहून एकटी ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तोंवर तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनपासून हलपर्यंतचा होता. बर्ट हिंक्लर यानें १९२८ मध्यें हेंच अंतर साडेपंधरा दिवसांत काटलें होतें. तो विक्रम मोडावा, ही तिची ईर्षा.

या प्रवासाचीं वर्णनें वाचतांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. तिच्या मार्गावर डोंगर होते, वाळूचीं वादळें होतीं, ब्रह्मदेशांतला पावसाळा होता आणि तिमोरचा समुद्र होता; पण यांपैकीं एकानेंही तिचें विमान मोडलें नाहीं. तें जेव्हां जेव्हां मोडलें तेव्हां जमिनीनें मोडलें. बगदादजवळच्या वाळवंटांत वादळानें तिला खालीं दाबलें. तेथें ती डोळे मिटून उतरावें तशी उतरली, चाकांमागें सामान लावून विमान धरून ठेवलें आणि वादळ ओसरल्यावर पुन्हा उडाली. पण बगदादच्या चांगल्या तळावर उतरतांना चाकांच्या चौकटीची दांडी मोडली, आणि बंदर अब्बास येथें तीच दुखापत पुन्हा उपटली. सहाव्या दिवशीं, १० मे रोजीं ती कराचीस आली. हिंक्लरच्या तिथपर्यंतच्या वेळेहून ती पुरे दोन दिवस पुढें होती.

दुसरे दिवशीं कराचीहून तिला अलाहाबाद गांठावयाचें होतें. समोरून वारा होता, पेट्रोल संपत आलें, आणि खालीं एक शहर दिसलें. तें झांशी होतें. झांशीचें नांव मराठी वाचकास ज्या कारणानें प्रिय आहे त्या कारणाची तिला वार्ताही नसावी. तिला दिसलें तें लष्करी छावणीचें कवाईतीचें मैदान. शिपाई कवाईत करण्यासाठीं जितकें मैदान लागतें तितकें त्या वेगानें येणाऱ्या विमानास पुरत नाहीं. जेसन धांवत धांवत बराकींपर्यंत गेलें आणि पंखाला इजा होऊन थांबलें. रात्रींत डागडुजी झाली. दुसऱ्या सकाळीं निघून, अलाहाबादेस पेट्रोल भरून, ती संध्याकाळीं कलकत्त्यास पोंचली. तेथेंही दोन दिवसांची आघाडी कायम होती.

तेराव्या तारखेस मात्र घात झाला. आराकानचे डोंगर मुसळधार पावसांतून ओलांडून ती रंगूनकडे आली. उतरावयाचें ठरलें होतें तें शर्यतीच्या मैदानावर. पावसाच्या पडद्याआडून तें दिसेना. अंधार पडूं लागला होता. अखेर एक मोकळी जागा दिसली, तींत ती उतरली. ती जागा रंगूनच्या उत्तरेस इन्सेन येथील सरकारी तंत्रशाळेचें खेळाचें मैदान होती. विमान ओल्या गवतावरून घसरत मैदानाच्या टोंकापर्यंत गेलें आणि तेथल्या चरांत नाक खुपसून उभें राहिलें. प्रॉपेलर मोडला, चाकांची चौकट वांकली, पंखाच्या चिंध्या झाल्या.

येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण तिचा विक्रम गेला तो या चरांत. डागडुजीला तीन दिवस लागले. एकापरीनें तिचें नशीब थोरच म्हणावयाचें. चरांत पडली तीही तंत्रशाळेच्या दारांत! तेथले शिक्षक व विद्यार्थी हातोड्या-करवती घेऊन धांवून आले. जादा प्रॉपेलर तिनें विमानाच्या अंगाला बांधून आणलाच होता. पंखावर चढविण्यास कापड कोठून आणावें, असा प्रश्न पडला. तेव्हां महायुद्धानंतर शिल्लक राहिलेलें विमानाचें कापड स्वस्तांत विकत घेऊन गांवच्या लोकांनीं त्याचे सदरे शिवले होते असें आढळलें, आणि ते सदरे उसवून पंख मढविण्यांत आला, असें सांगतात. तें कांहींही असो, १६ मे रोजीं जेसन पुन्हा आकाशांत चढलें; पण तोंवर हिंक्लर पुढें निघून गेला होता.

या अपघाताचें खापर कोणावर फोडावें? त्या वेळच्या कांहीं टीकाकारांनीं तें तिच्यावर, आणि विशेषेंकरून तिच्या स्त्रीत्वावर फोडलें. शंभर तासही न उडालेली मुलगी. तिला उतरावयास येत नव्हतें, असा त्यांचा एकंदर सूर. उतरण्याची कला तिला साधली नव्हती, हें तिचे चाहतेही मान्य करीत. परंतु हा निवाडा आम्हांस अपुरा वाटतो. ज्या वैमानिकास खेळाचें मैदान व विमानतळ यांत निवड करण्याची सोयच नाहीं, ज्याला वारा कोणता हें सांगणारी पिशवी नाहीं, रेडिओ नाहीं, मैदानाच्या टोंकाला चर आहे हें सांगणारा नकाशा नाहीं, आणि टांकींत पेट्रोल नाहीं, त्याच्या शेवटच्या वीस फुटांतली चूक ही एकट्या त्याची चूक कशी? चूक हवेंत घडते खरी. पण तिचें मूळ पुष्कळदां सहा तास आधीं, निघतांना घेतलेल्या निर्णयांत असतें, आणि कधीं कधीं सहा वर्षें आधीं, मैदान आंखणाऱ्याच्या आळसांत असतें. आजचे अपघातचौकशीचे अधिकारी याच रीतीनें विचार करतात. १९३० मध्यें वर्तमानपत्रांस तेवढी सवड नव्हती.

पुढचा प्रवास अशाच ठेचा खात झाला. जावा बेटांत त्जोमाल येथें उंसाच्या मळ्यांतल्या जागेवर ती उतरली, तेथें नव्या घराच्या आंखणीसाठीं बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यांनीं पंखांच्या खालच्या कापडाला भोकें पाडलीं. जखमेवर लावतात त्या चिकटपट्ट्यांनीं तीं भोकें बुजवून ती पुढें निघाली. तिमोर बेटावर हालिलुलिक येथें तिन्हीसांजेला ती उतरली, तों भोंवतीं पुरुषभर उंचीचीं वारुळें! त्यांतल्या एकाशींही टक्कर झाली नाहीं, यास कौशल्य म्हणावें कीं दैव, हें ज्याचें त्यानें ठरवावें. २४ मे १९३० रोजीं, निघाल्यापासून एकोणीस दिवसांनीं, ती डार्विनला पोंचली. एकट्यानें इंग्लंडाहून ऑस्ट्रेलियास उडत जाणारी ती पहिली स्त्री. आणि पांच दिवसांनीं ब्रिस्बेनच्या ईगल फार्मवर हजारों लोक टाळ्या वाजवीत उभे असतांना जेसन मैदान ओलांडून कुंपणापलीकडे मक्याच्या शेतांत उलथें झालें. तिला विशेष दुखापत झाली नाहीं. पण सिडनीपर्यंतचा प्रवास तिला दुसऱ्याच्या विमानांत बसून करावा लागला. त्या विमानाचा वैमानिक जिम मॉलिसन याच्याशीं पुढें १९३२ मध्यें तिचा विवाह झाला, हा योगायोग कादंबरीकाराच्या हातीं पडता तर वाचकांनीं त्यावर विश्वास ठेवला नसता.

या दांपत्याचीही कथा शेवटच्या वीस फुटांपाशींच येऊन अडखळते. जुलै १९३३ मध्यें दोघें मिळून वेल्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्ककडे निघालीं. विमान मॉथच्याच घराण्यांतलें, पण दोन इंजिनांचें मोठें ड्रॅगन, नांव सीफेअरर. सुमारें ३९ तास उडून अटलांटिक पार झाला, न्यूयॉर्क पन्नासएक मैलांवर राहिलें आणि पेट्रोल संपत आलें. पुढें जाण्यापेक्षां येथेंच पेट्रोल भरून घेऊं, असा एमीचा आग्रह होता, असें म्हणतात. ब्रिजपोर्टच्या लहानशा विमानतळावर रात्रीच्या अंधारांत मॉलिसननें घिरट्या घातल्या आणि अखेर वारा पाठीशीं घेऊन तो उतरावयास गेला. वर सांगितलेलें अडीचपटीचें गणित वाचकांनीं येथें आठवावें. विमान मैदान संपवून दलदलींत गेलें व उलटलें. दोघेंही जखमी झालीं, आणि सकाळपर्यंत स्मृतिचिन्हें गोळा करणाऱ्या उत्साही लोकांनीं उरलेल्या विमानाचे लचके तोडून नेले. दोन दिवस न झोंपलेल्या माणसाच्या हातून वाऱ्याची दिशा चुकावी, यांत नवल नाहीं. थकव्याचा उतरण्याशीं काय संबंध आहे, हें पुढच्या पिढीनें शास्त्र म्हणून अभ्यासिलें. मॉलिसननें तें अंगावर घेतलें.

एमी झांशीस उतरली त्याच मे महिन्यांत आपल्याकडचेही तरुण मॉथ घेऊन याच आकाशांत होते. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें एका महिन्याच्या आंत करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जहांगीर रतनजी दादाभाई टाटा अशा तिघांनीं त्यासाठीं प्रयत्न केला. मनमोहन सिंगानें आपल्या विमानास 'मिस इंडिया' असें नांव दिलें, त्यावर एका इंग्रज संपादकानें कोटी केली कीं, हा गृहस्थ इंडिया चुकणारच दिसतो. इंग्रजींत 'मिस' म्हणजे कुमारीही आणि चुकणेंही. कोटी बरी होती, पण खवट होती. तो हिंदुस्थान चुकला नाहीं. दोनदां वाटेंतून परतून तिसऱ्या खेपेस कराचीला आला, फक्त महिन्याची मुदत उलटून गेली होती. बक्षीस मिळालें तें सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअरला. मिसर देशांत अबुकीरच्या तळावर तो प्लगांअभावीं अडकून पडला असतां उलट दिशेनें येणाऱ्या टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले, आणि स्वतः कांहीं तासांनीं बक्षीस गमावलें. हाच अस्पी इंजिनिअर १९६० मध्यें भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं पुस मॉथ जातीच्या एकपंखी विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, आणि पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीवरून पुरा केला. अहमदाबादेस विमानासाठीं पेट्रोल आलें तें बैलगाडींतून. मुंबईचा तळ जुहूचा, १९२८ मध्यें सुरू झालेला. तेथें धांवपट्टी नव्हती. नारळी-पोफळींच्या आणि समुद्राच्या आसपासचें तें एक चिखलटीचें मैदान होतें, झांवळ्यांनीं शाकारलेली एक शेड हीच कचेरी, आणि पावसाळ्यांत भरतीचें पाणी मैदानावर चढलें, कीं विमानाऐवजीं होडी आणावी असा प्रकार. येथें टाटांच्या माणसांनीं जें केलें त्याची वाखाणणी व्हावी तितकी झालेली नाहीं. पावसांत जुहूवर उतरण्याचें धाडस त्यांनीं केलें नाहीं. पावसाळा आला, कीं विमानें, वैमानिक व यंत्रज्ञ असा सगळा संसार उचलून ते पुण्यास येत आणि येरवड्याच्या माळावरून टपाल चालवीत. पहिल्या वर्षांत त्यांच्या विमानांनीं १,६०,००० मैलांचा प्रवास केला आणि टपाल वेळेवर पोंचविण्याबद्दल सरकारी खात्यानें त्यांची पाठ थोपटली. रेडिओ नाहीं, दिवे नाहींत, हवामानाची धड बातमी नाहीं, अशा स्थितींत हें झालें. एमी जॉन्सननें ज्या मैदानांवर विमान मोडून घेतलें त्यांहून जुहूचें मैदान फारसें चांगलें नव्हतें. फरक एवढाच कीं, येथें मैदान केव्हां नाकारावयाचें हें आधींच ठरलेलें होतें. धाडसाच्या कथा सांगणाऱ्यांस असल्या नकारांत कांहीं रस वाटत नाहीं. आम्हांस त्यांतच त्या काळची खरी कर्तबगारी दिसते.

जुहूनें पुढें मोठ्या विमानांसही चकविलें, हें जातां जातां सांगण्यासारखें आहे. शेजारीं दोन-तीन मैलांवर सांताक्रूझचा विमानतळ झाल्यावर दोहोंच्या पट्ट्या आकाशांतून सारख्याच दिसत. १५ जुलै १९५३ रोजीं एका ब्रिटिश कंपनीचें कॉमेट जातीचें जेट विमान सांताक्रूझ समजून या लहानशा पट्टीवर उतरलें, आणि तें तेथून पुन्हा उडविण्यास नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं एका जपानी कंपनीच्या डीसी-८ नें तीच चूक केली. पट्टी अपुरी पडून तें पलीकडे गेलें व कायमचें निकामी झालें. दोन्ही वेळां प्राणहानि झाली नाहीं.

लहान विमानांच्या बाबतींत खरा पालट घडविला तो एका साध्या बदलानें. मॉथचा तिसरा टेकू शेपटीखालीं असे, म्हणजे विमानाचें बहुतेक वजन मुख्य चाकांच्या मागें पडे. बैल पुढें जुंपून ओढलेली गाडी सरळ चालते. तीच मागून रेटीत नेऊं लागलें तर जरा वांकडी होतांच अधिकाधिक वांकडी होत जाते. शेपटीवर टेकणारें विमान भुईवर धांवतांना या रेटलेल्या गाडीसारखें असतें. नाक किंचित् वळलें व वैमानिकाचे पाय क्षणभर उशिरां हलले, कीं तें स्वतःभोंवतीं गिरकी घेऊन एक पंख जमिनीला घांसतें. तिसरें चाक शेपटीखालून काढून नाकाखालीं आणलें तेव्हां हा दोष गेला, आणि समोरची जमीनही दिसूं लागली. अमेरिकेंत १९३७ मध्यें प्रथम उडालेल्या अर्कूप विमानांत ही रचना होती. १९५६ पासून विकावयास आलेल्या सेस्ना १७२ नें ती घरोघर केली. त्यासोबत वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा आल्या, चाकांना ब्रेक आले, स्टॉल होण्यापूर्वीं कर्णा वाजूं लागला, पट्टीच्या कडेला तांबडे-पांढरे दिवे बसले, त्यांच्या रंगावरून आपण उंच आहों कीं खालीं हें वैमानिकास कळूं लागलें.

इतकें होऊनही लहान विमानांच्या अपघातांत उतरण्याच्या अपघातांचाच वांटा आजही सर्वांत मोठा असतो. मात्र त्यांतले बहुतेक अपघात वांकलेल्या चाकांवर व मोडलेल्या प्रॉपेलरवर निभावतात. जीव जातात ते पट्टीवर पोंचण्यापूर्वींच्या शेवटच्या वळणांत. वळण घ्यावयास उशीर झाला, पट्टी बाजूला राहूं लागली, म्हणून वैमानिक पायांनीं नाक जबरीनें वळवितो आणि दांड्यानें वर उचलतो. वेग आधींच थोडा असतो. एक पंख सुटतो आणि विमान गिरकी घेत खालीं येतें. वळण सोडून द्यावें, इंजिन पुरें उघडून वर जावें, फेरी मारून पुन्हा यावें, हें प्रत्येक शिकाऊ वैमानिकास पहिल्याच महिन्यांत शिकविलेलें असतें. तरी ऐन वेळीं तें सुचत नाहीं, कारण खालीं पट्टी दिसत असते, मागें येऊन पोंचल्याचा आनंद असतो, आणि माघार घेण्यांत नाचक्की वाटते. ही नाचक्कीची भावना वैमानिकाच्या धंद्यांत सर्वांत महाग पडलेली वस्तु असावी, असें आम्हांस अपघातांचे वृत्तान्त वाचतांना वारंवार वाटलें. यंत्रांत सुधारणा होत गेली; या भावनेवर झडपा व ब्रेक बसविणें अजून कोणास साधलेलें नाहीं.

एमी जॉन्सनचा शेवट ५ जानेवारी १९४१ रोजीं झाला. युद्धकाळांत विमानें एका तळावरून दुसऱ्या तळावर पोंचविण्याचें काम ती करीत असे. त्या दिवशीं ढगांत वाट चुकून, उतरावयास जागा न मिळतां, ती हवाई छत्री घेऊन टेम्सच्या मुखाशीं पाण्यांत पडली आणि सांपडली नाहीं. मनमोहन सिंग ३ मार्च १९४२ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्रूम बंदरावर झालेल्या जपानी हल्ल्यांत गेला. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, लेपर्ड मॉथ जातीचें जुनें विमान कराचीहून पुन्हा एकदां एकट्यानें उडवीत आणून जुहूवर उतरविलें. जेसनची मोडतोड नीट करून तें लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत ठेवलें आहे. जुहूच्या पट्ट्यांवर आतां बहुतांशीं हेलिकॉप्टरें उतरतात.